कोलोनला मुक्काम आणि रोजचं अपडाऊन

लेकीकडे जर्मनीला जाऊन आलो तेव्हापासून बडोद्याला दांडिया बाजारात नाहीतर मांडवीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, मग काय काय बघितलं, पॅरिस झालं का, स्वित्झर्लंड झालं का. आणि आम्ही सांगतो की नाही हो, आम्ही कोलोनलाच राहिलो आणि तिथून ट्रेननं सकाळी जाऊन रात्री परत असं फिरलो, तर समोरच्याचा चेहरा पडतो, एवढं तिकीट काढून एवढ्या लांब गेलात आणि एकाच गावात बसलात? म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, कारण बडोद्यातून आता किती घरांतले आईवडील दर उन्हाळ्यात मुलांकडे जातात आणि तिथे गेल्यावर दहा दिवसांत सात देशवाल्या टूरमध्ये नाव घालतात, रोज बॅग भरा, रोज नवं हॉटेल, आणि परत आल्यावर कुठलं चर्च कुठल्या गावचं ते फोटो बघूनही आठवत नाही. मला मनापासून वाटतं की तसं करू नये. एक चांगलं गाव धरावं, स्टेशनजवळ राहावं आणि अपडाऊन करावं.

अपडाऊन म्हणजे काय ते बडोदेकरांना शिकवायला नको. आमच्या ह्यांनी नोकरीची कितीतरी वर्षं बडोदा–आणंद अपडाऊन केलं, पास काढून, ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या मंडळींबरोबर. अर्ध्या रावपुऱ्यातून कुणी ना कुणी अहमदाबादला नाहीतर भरूच-सुरतेला असंच जातं येतं. का जमतं हे? कारण बडोदं जागेवर आहे. मुंबईहून वर येणारी लाईन इथे फुटते, एक फाटा अहमदाबादला आणि एक गोध्रा-रतलामवरून दिल्लीला. कोलोनचं तेच आहे. ऱ्हाईन नदीच्या काठचं गाव, रोमन काळापासूनचं, आणि उत्तरेला ड्युसेलडॉर्फ-एसेन, दक्षिणेला बॉन-कोब्लेंझ, पश्चिमेला आखेन आणि पुढे बेल्जियम, पूर्वेला वुपरटाल, सगळीकडच्या गाड्या एकाच स्टेशनात येऊन मिळतात. अंतरं पण गंमतशीर जुळतात बघा, कोलोन–बॉन साधारण बडोदा–आणंद एवढं, कोलोन–आखेन बडोदा–भरूच एवढं आणि कोलोन–कोब्लेंझ जवळजवळ बडोदा–अहमदाबाद. हे ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी नकाशावर मोजून काढलं आणि म्हणाले, "अगं, मग हे तर आपलंच झालं."

स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की समोर डोम. म्हणजे कॅथेड्रल. लांबून वगैरे दिसतं असं नाही, अगदी अंगावर येतं. १२४८ मध्ये बांधायला घेतलं, मध्ये शेकडो वर्षं काम बंद पडलं, आणि पूर्ण झालं १८८० मध्ये. १५७ मीटर उंच. रेल्वेचा पूल आणि स्टेशन त्या मानाने नंतरचं, १८५९ मधलं, आणि पूल मुद्दाम डोमच्या रेषेत टाकला, त्यामुळे पलीकडच्या काठावरून गाडी पुलावर चढली की वाटतं आता थेट कॅथेड्रलमध्येच घुसतेय आणि अगदी शेवटी ती वळून स्टेशनात शिरते. आताचा पूल १९११ चा, युद्धात पडला होता, परत बांधला. संध्याकाळी परत येताना हे वळण आलं की मी फोन बाजूला ठेवायची. डोमच्या दक्षिण टॉवरला ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, लेक-जावई चढले, आम्ही खाली बसलो, गुडघे सांभाळायचे होते अजून फिरायचं होतं.

आता तिकिटाचं सांगते कारण सगळं गणित त्याच्यावर आहे. तिकडे डॉइचलांड तिकीट म्हणून महिन्याचा पास असतो, २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झाला, २०२५ पासून ५८ आणि २०२६ पासून ६३ युरो. ह्या पासवर अख्ख्या देशातल्या लोकल आणि रिजनल गाड्या, ट्राम, सिटी बस, मेट्रो सगळं चालतं. फक्त लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या, आयसीई आणि आयसी, त्या चालत नाहीत. बऱ्याच जणांना वाटतं की मग काय उपयोग, पण डे ट्रिपला फास्ट गाडी लागतच नाही. तासाभराच्या अंतरात फास्ट आणि स्लो ह्यात पंधरावीस मिनिटांचा फरक, आणि स्लो गाडी खिडकीबाहेरचं दाखवत जाते. शिवाय वेळेचं बंधन नाही, ही गाडी चुकली तर पुढची, रिझर्वेशन नाही, दुपारी कंटाळा आला तर परत, मजा येतेय तर अंधार पडेपर्यंत थांबा. आमच्या वयाला हे फार महत्त्वाचं आहे. पास नावावर असतो, म्हणून बरोबर पासपोर्ट किंवा ओळखपत्र ठेवायचं.

सगळ्यात पहिलं बॉनला गेलो आणि मला विचाराल तर बडोद्याच्या माणसानं पहिलं तिथेच जावं.

लोक बॉनला संगीतकार बीथोव्हेनसाठी जातात, आम्हीही गेलो. १७७० साली ज्या घरात जन्मला ते घर आहे, छोट्या गल्लीत, आत लाकडी जिने करकर वाजतात. वरच्या खोल्यांत त्याचं शेवटचं पियानो आहे आणि काचेच्या कपाटात त्याची कानाला लावायची कर्णे ठेवलीत. पितळेची, एखाद्याला मोठी वाटी जोडल्यासारखी, एकाला डोक्यावरून अडकवायची पट्टी. मेल्झेल नावाच्या माणसानं त्याच्यासाठी बनवलेली. मी त्या कपाटापुढे बराच वेळ उभी होते. माझ्या वडिलांनाही त्याच्यासारखं शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं आणि ते तबला वाजवायचे, म्हणजे घरातल्या घरातच, पण हाताला बोल लागत होते म्हणून वाजवत राहिले. कर्ण्याच्या कडेला जिथे हात लागत असेल तिथलं पितळ मला थोडं गुळगुळीत वाटलं. ह्यांनी हाक मारली तेव्हा हलले.

पण बॉनचं खरं आपलं म्हणण्यासारखं पुढे आहे. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर युनिव्हर्सिटीची मोठी पिवळी इमारत, जुना राजवाडा, आणि तिच्यापुढे हॉफगार्टन म्हणून मोठंच्या मोठं हिरवं मैदान, पोरं गवतावर लोळून वाचत असतात. ह्या युनिव्हर्सिटीत १९२१ साली बाबासाहेब आंबेडकरांनी नाव नोंदवलं होतं. लंडनला शिकत होते तेव्हा, जर्मन त्यांना येत होतं. पुढे लंडनचंच शिक्षण पूर्ण केलं, बॉनचं तसंच राहिलं, पण नोंद आहे. आता हे बडोदेकरानं त्या मैदानावर उभं राहून आठवायला नको का? १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर ते अमेरिकेला गेले, १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले आणि आपल्या ह्या गावात त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही, पारशी लॉजमधून बाहेर काढलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली जाऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी म्हणून त्यांचं स्मारक आहे. मी लहानपणापासून कमाटीबागेत गेलेय, प्राणीसंग्रहालय आणि छोटी रेल्वेगाडी बघायला, आणि ह्या झाडाचं आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, लग्नानंतर कळलं. हॉफगार्टनच्या बाकावर बसून हे सगळं लेकीला सांगितलं. ती तिथे इतके दिवस राहते, बॉनला कामासाठी जाते येते, तिला बॉनचं हे माहीत नव्हतं. हे सांगायला तरी जावं माणसानं.

आणि अजून एक. ह्याच युनिव्हर्सिटीत १८१८ पासून संस्कृत शिकवतात. श्लेगेल नावाचे पहिले प्राध्यापक, त्यांनी १८२३ मध्ये इथून गीता लॅटिन भाषांतरासकट छापली आणि १८२९ पासून रामायण छापायला घेतलं, ते अपुरं राहिलं. रामायणाची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली ती आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात, १९६० ते १९७५ ह्या काळात. कितीतरी हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून एकेक श्लोक तपासून केलेलं काम आहे ते. प्राच्यविद्या मंदिरावरून आपण रोज स्कूटरवरून जातो. आत किती जण गेलेत? जा एकदा.

बॉनवरून पुढे कोब्लेंझ, हा दिवस वेगळा काढायचा. जाताना डाव्या बाजूच्या खिडकीला बसायचं, हे पक्कं लक्षात ठेवा, नदी तिकडे आहे. ह्यांच्यातला पासवाला इथे कामाला आला, कुठल्या डब्याला गर्दी कमी, दरवाजा जिन्यासमोर कुठे येतो, सगळं दोन दिवसांत पाठ. काही गाड्यांचे मधले डबे दुमजली असतात, वरच्या मजल्यावर बसलात तर फारच छान. बॉन सुटलं की पलीकडच्या काठावर डोंगर सुरू होतात, पहिला टोकाला पडका किल्ला असलेला तो ड्राखेनफेल्स. डोमसाठी जुन्या काळी दगड ह्याच डोंगरातून काढून नदीतून नेला. वर जायला दातेरी रुळांची छोटी गाडी आहे, १८८३ पासून चालते, त्यासाठी पलीकडच्या काठावरच्या लाईननं क्योनिग्सविंटरला उतरायचं, तेही आम्ही एका दुपारी केलं, वरून नदीचं वळण दिसतं आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर कोलोनसुद्धा.

मध्ये रेमागेन लागतं. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याला ऱ्हाईनवरचा एक धड पूल इथे हाती लागला, ७ तारखेला घेतला आणि १७ तारखेला तो कोसळला. दोन्ही काठांवर त्याचे काळे बुरूज अजून आहेत, मध्ये पूल नाही. ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी उतरावं, बाकीच्यांनी पुढे जावं.

कोब्लेंझला मोझेल नदी येऊन ऱ्हाईनला मिळते. संगमाच्या टोकावर घोड्यावरच्या बादशहाचा प्रचंड पुतळा, मला पुतळ्यात फार रस नाही, पण त्या टोकाला उभं राहिलं की पायाखाली दोन नद्या, मोझेल शांत आणि हिरवट, ऱ्हाईन जोरात ओढत नेणारी, आणि लांबपर्यंत एकमेकींत मिसळत नाहीत. आपल्या चांदोदला नर्मदा आणि ओरसंग मिळतात तिथे माणूस क्रियाकर्मासाठी जातो, नावेत बसून संगमावर जातो, हात जोडतो. इथे कुणी हात जोडत नव्हतं, सायकली उभ्या करून आइसक्रीम खात होते. मी जोडले. तिथून रोपवेनं नदीवरून पलीकडच्या एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यावर जाता येतं, २०११ च्या बागकामाच्या मोठ्या प्रदर्शनासाठी तो रोपवे बांधला होता. खाली पाहिलं की संगम अख्खा दिसतो. वर जेवायला मिळतं पण आमच्याकडे थेपले आणि लीलो चेवडो होता, बडोद्याहून नेलेला, शेवटचं पाकीट तिथे संपलं.

वेळ आणि ताकद असेल तर कोब्लेंझच्याही पुढे त्याच स्लो गाडीनं बोपार्ड, बाखाराखपर्यंत जा, नदीच्या दोन्ही बाजूला द्राक्षांचे मळे आणि दर थोड्या वेळानं एक किल्ला, युनेस्कोच्या यादीत आहे तो सगळा पट्टा २००२ पासून. पण मग दिवस मोठा होतो. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो म्हणून जमलं.

वुपरटालला का जायचं असं लेकच विचारत होती, कारखान्यांचं गाव, टूरवाले नेत नाहीत. पण तिथे हवेत उलटी लटकून चालणारी गाडी आहे. श्वेबेबान. १९०१ साली सुरू झाली, १३.३ किलोमीटर, २० स्टेशनं, आणि रोजच्या वापराची आहे, शोभेची नाही. पोरं शाळेला जातात, बायका भाजीच्या पिशव्या घेऊन चढतात. दरी इतकी अरुंद की रूळ टाकायला जागाच नव्हती, मग नदीच्या वर लोखंडी कमानी उभ्या केल्या आणि त्यातून रूळ नेला आणि गाडी खाली लटकवली. स्टेशनात थांबली की चढणाऱ्या माणसांच्या वजनानं थोडी हलते, वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते. सगळ्यात मागे बसायचं, तिथे मोठी काच आहे आणि ड्रायव्हर फक्त पुढे असतो त्यामुळे मागची काच आपली. खालून वुपर नदी मागे पळत जाते, पाण्यातले दगड मोजता येतील एवढी जवळ, आणि व्होविंकेलच्या टोकाला गाडी नदी सोडून रस्त्यावर येते, दोन्ही बाजूंना लोकांची घरं, एका खिडकीत मांजर बसलं होतं ते आमच्याकडे अजिबात न बघता गेलं. १९५० मध्ये सर्कसवाल्यांनी जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू ह्या गाडीत चढवलं, ते घाबरलं आणि खिडकी तोडून नदीत पडलं, आणि वाचलं, थोडं खरचटलं फक्त. नातवाला हे इतकं आवडलं की कुठे पडलं ते दाखव म्हणून पुन्हा त्याच बाजूला बसवायला लावलं. आणि बडोदं औषधांचं आणि केमिकलचं गाव म्हणून सांगते, बायर कंपनी १८६३ मध्ये इथेच, बार्मेनला सुरू झाली, म्हणजे महाराजांच्या जन्माचं साल. नंतर ती कोलोनजवळ लेव्हरकुसेनला गेली.

आखेन मला आवडलं पण अर्धा दिवस पुरे. बाराशे वर्षांपूर्वीचं शार्लमेन बादशहाचं कॅथेड्रल, आठ कोनांचं, छतावर सोनेरी मोझेक, १९७८ मध्ये युनेस्कोची पहिली यादी निघाली तिच्यात ते होतं. गंमत म्हणजे इथेही हत्ती आहे, बगदादच्या खलिफा हारून अल रशीदनं बादशहाला एक हत्ती भेट पाठवला होता, तो ८०२ मध्ये आखेनला पोचला. गावात गरम गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, वास आपल्या टुव्याच्या कुंडांसारखा. ब्र्यूल तर अजून जवळ, कोलोनहून पंधरावीस मिनिटं, राजवाडा आणि बाग, दुपारच्या झोपेनंतर निघालात तरी होईल.

ब्रुसेल्सला फास्ट गाडीनं दोन तासांच्या आत पोचतो, तिथे पास चालत नाही, आधी तिकीट काढलं तर स्वस्त पडतं. पासपोर्ट बरोबर हवाच, व्हिसा शेंगेन असला तरी गाडीत तपासणी होऊ शकते. वाटेत लिएजचं स्टेशन लागतं, कालात्राव्हा ह्या आर्किटेक्टनं २००९ मध्ये बांधलेलं, काच आणि पांढऱ्या लोखंडाचं, खांब दिसतच नाहीत. माझं मत विचाराल तर ब्रुसेल्स एका दिवसात होतं. अ‍ॅमस्टरडॅम नाही. एका बाजूला अडीच तासांच्या वर, आणि त्या गावाला रात्र राहिल्याशिवाय मजा नाही, कितीही आग्रह झाला तरी अपडाऊन करू नका.

बारीकसारीक थोडं. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली उघडी असतात, म्हणून रविवार फिरण्यात घालवावा. म्युझियमं पुष्कळदा सोमवारी बंद. गाडीचं दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं. स्टेशनवरच्या टॉयलेटला पैसे पडतात, गाडीतलं फुकट. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की चिठ्ठी मिळते, त्याचे पैसे बिलात वजा. गाड्या उशिरा येतात, जर्मन लोक स्वतःच हे सांगतात, आणि प्लॅटफॉर्म आयत्या वेळी बदलतो, तेव्हा बोर्डाकडे लक्ष ठेवायचं, सगळे अचानक जिन्याकडे निघाले की आपणही निघायचं. रुळांचं काम चालू असलं तर मध्येच बस देतात, त्यासाठी आदल्या रात्री अ‍ॅपवर बघून ठेवायचं, जावयांनी आम्हाला ते शिकवलं आणि मग ह्यांचा तो रोजचा कार्यक्रमच झाला, जेवण झालं की उद्याच्या गाड्या.

आणि पास दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो, पैसे खात्यातून जातच राहतात. परतीचं विमान ज्या महिन्यात असेल त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायचा, मुलांना सांगून ठेवा.